दुसरा बिशप

बिशपसाहेब,

ही गोष्ट कुठल्याही जिवंत माणसाला सांगायची मला मनाई आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. सकाळी दिल्लीहून पोपसाहेबांच्या राजदूतांचा फोन आला. तुमची खुर्ची मी घ्यावी असं रोमचं म्हणणं आहे. उत्तर उद्या दुपारपर्यंत द्यायचं, आणि जाहीर होईतो कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. तेव्हापासून अमरावतीला तुमच्याच बंगल्याच्या स्वयंपाकघरात बसून आहे. ज्या बाईंकडून तुम्ही या स्वयंपाकघरात मराठी शिकलात, त्या आता थकल्यात, पण नजर तशीच आहे. "फादर, तुमी जेवून नाई राहिले. कोनाचा फोन होता?" मी म्हटलं, बँकेचा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि भाकरी झाकून ठेवली.

अकोल्याचा तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतोय. मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला तुम्ही येणार होतात. मी तिथला नवा फादर, अंगात उत्साह मावत नव्हता. चर्चच्या फाटकावर भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर हात जोडलेले तुम्ही, आणि शेजारी तेवढ्याच आकाराचा मी. जीप थांबते. तुम्ही उतरता, मान वर करून बराच वेळ बघत राहता. बँडवालेही वाजवायचे थांबतात. "काहून रे, हा दुसरा बिशप कोन आहे?" दक्षिणेतून आलेला माणूस अस्सल वऱ्हाडीत झापतो तेव्हा पळायला जागा उरत नाही. मुलं हसली, त्यांचे आईबाप हसले. मला तुमचा भयंकर राग आला होता.

महिन्याभरात माझी चिखलदऱ्याला बदली झाली. जाब विचारायला अमरावतीला आलो, तर तुम्ही इथेच पाटावर बसून लसूण सोलत होतात. "मी बिशप झालो तवापासून भाजी खारट झाली तरी मले कोनी सांगत नाई," म्हणालात. "ह्या बाई सोडून. ज्याले हे खुर्ची पाहिजे वाटते ना, त्यानं नाई म्हनावं." मी चिडूनच विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला पाहिजे वाटत नव्हती?" तुम्ही टरफलं सुपात गोळा केलीत, आत गेलात आणि स्वतःचा राखाडी स्वेटर आणून माझ्या हातात दिलात. तिकडे थंडी असते, एवढंच बोललात.

पुढची तुमची सगळी वर्षं मी जवळून पाहिली. मेळघाटात जीप घालून शाळा उभ्या केल्यात. मित्रांच्या बदल्या केल्यात आणि ते मित्र दुरावले. तुमची आई वारली तेव्हा तुम्ही कुठल्याशा पाड्यावर होतात. निरोप पोचेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. शेवटी शेवटी तुमच्यासमोर मोकळेपणी बोलणारं बाईंखेरीज कोणी उरलं नव्हतं. एवढं पाहिलेल्या माणसानं नाही म्हणायला हवं, आणि मी दिवसभर तो शब्द तोंडात घोळवतोय. बाहेर निघत नाही.

हा कागद बाई अंगणात गेल्या की गॅसवर धरणार आहे. त्याआधी एक सांगून टाकतो. राजदूतांकडून मी एक दिवस मागून घेतला, प्रार्थना करतो म्हणून. ते खूश झाले. प्रार्थना मी अजून केलेली नाही. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. लगेच म्हटलं तर बरं दिसणार नाही, म्हणून दिवस मागितला.