लोंबत्या खिशांची जर्सी

झ्वाल्मबेके,
३ फेब्रुवारी

चि. वान्नेस यास गोडेलीव्हआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर नुसतं हं हं करतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला हं म्हणून भागत नाही. इकडे सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा पाऊस येण्याआधी मला कळवतो, आणि आपल्याकडे पाऊस रोजचाच, तेव्हा त्याची बडबड थांबत नाही. आर्देनच्या जंगलात, त्या लाकडाच्या गिरणीत, हाडं गोठत असतील. मी विणलेले मोजे घालतोस की कपाटात ठेवून त्यांची पूजा करतोस?

आता मुद्द्याचं. गेल्या शुक्रवारी ‘हंस’ कॅफेत रविवारच्या सायकल मंडळाची वार्षिक सभा झाली. अध्यक्ष अजून फिर्मिनच, तुमचे भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाला तरी हातातला खडू सुटलेला नाही. त्याने ठराव मांडला की मार्चपासून सगळ्यांनी मंडळाची निळी जर्सी घालायची, पाठीवर देस्मेत खाटकाचं हसरं डुक्कर असलेली ती. व्यावसायिक संघाचे कपडे घालून जो येईल त्याने मंडळाबरोबर यायचं नाही.

त्याचं म्हणणं असं की ज्याचा धंदा त्याचा पोशाख. मी बिशपची टोपी घालून बटाटे आणायला निघालो तर तुम्ही हसाल की नाही, असं त्याने विचारलं. पोस्टमन रोझेर म्हणाला, फुटबॉलवाल्यांच्या जर्सी अर्धा देश घालतो, तिथे कोणाचं काय बिघडतं? त्यावर फिर्मिन म्हणाला, ते लोक जर्सी घालून बाकावर बसतात, मैदानात उतरत नाहीत. आपले नवे दंतवैद्य खाली बघत होते. त्यांनी जिंकणाऱ्या संघाचा पोशाख डोक्यापासून पायापर्यंत विकत घेतलाय, आणि पहिल्या चढाला सायकल हातात धरून चालतात. सगळे त्यांना हसले. पण ठराव दंतवैद्यांसाठी नव्हता, हे कॅफेतल्या मांजरालाही कळत होतं.

तुझा बाप दोन वर्षं दर रविवारी तुझ्या जुन्या संघाची हिरवी-पिवळी जर्सी घालून जातो, दुसरं काही अंगाला लावत नाही. वय सहासष्ट, पोट हे एवढं. दोन्ही बाजूंना काळ्या कापडाच्या पट्ट्या घालून मीच ती वाढवून दिली आहे. मंडळी त्याला पोपट म्हणतात. सभेत ओडिलने ग्लास संपवला, टोपी घातली आणि तो निघून गेला. ठराव पास झाला.

आता तो काय करणार मला माहीत आहे. जर्सी उतरवणार नाही, आणि एकटा फिरायला जाईल. छातीत स्प्रिंग बसवल्यापासून डॉक्टरांनी त्याला एकट्याने सायकलवर जायला बंदी केली आहे. शिवाय तुझी आई मार्लेन गेल्यापासून रविवार हा एकच दिवस आहे, जेव्हा तो माणसांशी बोलतो. बाकी सहा दिवस कोंबड्यांशी. माझं ऐकत नाही, मी धाकटी बहीण. तुझं ऐकेल. त्याला दोन ओळी लिही.

आत्यावर लोभ आहे असं उत्तरातून दिसू दे.
तुझी,
गोडेलीव्हआत्या

•

आर्देन,
१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सा. न. मोजे घालतो. दोन जोड एकावर एक.

तुला राग येईल, पण फिर्मिन मास्तरांचं बरोबर आहे. त्या जर्सीत माणूस काय करतो हे बाबांना माहीत नाही. मी तीन वर्षं त्या संघात होतो आणि जिंकायला कोणी मला ठेवलं नव्हतं. माझं काम पाणक्याचं. मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, आठ-आठ बाटल्या पाठीच्या खिशांत आणि गळ्यातून पोटाशी कोंबायच्या, पुन्हा जीव तोडून पुढे यायचं, वाटायच्या, पुन्हा मागे. तो पोशाख कमवावा लागतो, आणि मी तर तोही पुरता कमावला नाही. माझा करार वाढवला नाही. संघ सोडताना उरलेल्या कपड्यांचं खोकं घरी आलं, तेव्हा मी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं की जाळून टाका.

ते तीच जर्सी घालून गावभर फिरतात. लोक त्यांना पोपट म्हणतात तेव्हा मला म्हणतात, आत्या. नाताळात मी त्यांना सांगून बघितलं. त्यांनी विचारलं, बटाटे आणखी घेतोस का.

तुला आज एक गोष्ट लिहितो, कोणाला सांगितलेली नाही. माझी शेवटची शर्यत आठवते ना, मोठी, आपल्या गावावरून जाणारी? चढ सुरू व्हायच्या आत माझे पाय संपले होते. मी सगळ्यांच्या मागे, एकटा, अकरा मिनिटं मागे. माझ्या पाठीशी फक्त झाडूगाडी, मागे पडलेल्यांना उचलणारी. मी तिच्यात बसलो नाही, कारण पुढे आपलं गाव होतं. कोपऱ्यावर बाबा ते मोठं कापड घेऊन उभे असणार, आईने रंगवलेलं, ‘चल वान्नेस’ लिहिलेलं. आई तेव्हा दवाखान्यात होती. मला वाटलं, निदान त्या कापडासमोरून सायकलवर जाऊ. पोचलो तर माणसं पांगली होती आणि बाबा कापड गुंडाळत होते. ‘वान्नेस’ आत गेलं होतं, नुसतं ‘चल’ बाहेर होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की झाडूगाडी गेल्याशिवाय कोपरा सोडायचा नाही. मी गाव ओलांडलं आणि गाडीत बसलो. तेव्हापासून सायकलवर बसलेलो नाही.

तर बाबांना सांग, डुकराची जर्सी घाला आणि सगळ्यांबरोबर जा. एकटे जाऊ नका, हे माझ्यातर्फे दोनदा सांग.

तुझ्यावर माझा लोभ आहे, तो कायम धरून चाल.
वान्नेस

•

झ्वाल्मबेके,
९ मार्च

चि. वान्नेस यास आत्याचे आशीर्वाद, या वेळी जरा हात आखडूनच.

तुझा निरोप मी पोचवला. पोचवला म्हणजे, पत्रच वाचून दाखवलं, सगळं. कोणाला सांगू नकोस असं तू कुठे लिहिलं नव्हतंस, आणि लिहिलं असतंस तरी मी वाचलं असतं. ओडिल कांदे चिरत होता. कापडापर्यंत आले तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली. पुढचं वाचून संपेपर्यंत तो उभाच होता. मग कोंबड्यांना दाणे घालायला गेला. सकाळीच घातले होते.

दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन, वाळवून, घडी करून माझ्याकडे आणून दिली. तुझा शब्द त्याने पाळला, आता खूश हो. पण निळीही घातली नाही. सायकल खुंटीला टांगली आहे. गेल्या रविवारी फिर्मिन स्वतः निळी जर्सी घेऊन दारात आला होता, पोटाच्या मापाची, खास मागवलेली. वाईट माणूस नाही रे तो. मला बाजूला घेऊन म्हणाला, मला वाटलं होतं ओडिल भांडेल, भांडला असता तर मी माघार घेतली असती, ओडिलने न भांडणं मला सहन होत नाही. ओडिलने त्याला कॉफी दिली, तांदळाची खीर भरलेल्या टार्टचा तुकडा दिला, आणि जर्सी टेबलावर तशीच राहिली. मंडळ त्याच्या खिडकीखालून गेलं तेव्हा तो पडदा ओढून आत बसला होता. डॉक्टरांनी एकट्याने जाऊ नको म्हटलं होतं, अजिबात जाऊ नको म्हटलं नव्हतं. असाच बसून राहिला तर ती स्प्रिंग गंजेल, असं मला वाटतं.

आणखी एक सांगते, मला तेव्हा समजलं नव्हतं. पट्ट्या घालायला त्याने जर्सी आणली तेव्हा पाठीचे खिसे इतके ताणलेले होते की फुगून खाली लोंबत होते. मी शिंपीण, माझ्या हाताला राहवेना. म्हटलं, दोन टाके घालून आवळून देते. तर माझ्या अंगावर ओरडला. सगळं वाढव, काय करायचं ते कर, पण खिशांना सुई लावलीस तर बघ, म्हणाला. चाळीस वर्षांत तो माझ्यावर ओरडलेला नाही. खोक्यात नव्याकोऱ्या पाच जर्सी होत्या, वान्नेस. त्याने हीच का उचलली, हे तू त्याला विचार. मी विचारून थकले.

तुम्ही दोघं बापलेक एका साच्यातल्या विटा आहात.
माया कमी करू नकोस, राग आला तरी.
आत्या

•

झ्वाल्मबेके,
२३ मार्च

चि. वान्नेस यास आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. वीटभट्टीवर कागदाचं काम नव्हतं. चूकभूल माफ कर.

त्या दिवशी मी सकाळी आठपासून कोपऱ्यावर होतो. पहिले गेले, मधले गेले, मागचा घोळका गेला. तू दिसला नाहीस. मला वाटलं गर्दीत माझी नजर चुकली. मग कोणीतरी म्हणालं, वान्नेसने मघाशीच सोडली शर्यत, गाडीत बसला असणार. कोण म्हणालं ते लिहीत नाही. ऐकणारा मी होतो. तुझ्या आईला पाचच्या आत दवाखान्यात जाऊन सांगायचं होतं की तू कसा दिसलास. म्हणून कापड गुंडाळायला घेतलं. झाडूगाडी गेली नव्हती. मला माहीत होतं की ती गेली नव्हती.

तिचा आवाज आला तेव्हा मी वळलो. तू पुढे गेला होतास. मला तुझी पाठ दिसली. खिसे बाटल्यांनी ताणून लोंबलेले. त्या दिवशी मला तुझं एवढंच दिसलं. आईला मी सांगितलं की तू हसत गेलास. ते खोटं होतं.

खोकं आलं तेव्हा मी खिसे बघून ती जर्सी ओळखली. जिंकणाऱ्याचे खिसे असे होत नाहीत. दुसऱ्यांना पाणी पाजणाऱ्याचे होतात. मला वाटलं, हे गावाने बघावं. मी समोरून कसा दिसतो याची मला कल्पना आहे. घरी आरसा आहे. पण मी ती लोकांना मागून दिसावी म्हणून घालत होतो.

फिर्मिन म्हणतो ते खरं आहे. तो पोशाख माझा नाही. मीही सायकलवाला म्हणून घातला नव्हता. झाडूगाडी जायच्या आत कापड गुंडाळलं, ते पुन्हा उलगडून धरायला दुसरी जागा नव्हती म्हणून अंगावर धरलं. तुला त्याची लाज वाटत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. नाताळात तू बोललास तेव्हा मला हे सगळं सांगायचं होतं. तोंडातून बटाटेच निघाले.

जर्सी गोडेलीव्हकडे आहे. तू सांगशील तर जाळीन. खिसे जाळायला जड जाईल, पण जाळीन.

कोंबड्या बऱ्या आहेत. तू जेवत जा.
लोभ ठेवशील तर मला हवा आहे.
तुझा बाप,
ओडिल

•

आर्देन,
२ एप्रिल

ती. बाबांस वान्नेसचा साष्टांग.

तुमचं पत्र मी गिरणीत, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि उरलेला दिवस मला फळी सरळ कापता आली नाही. मुकादम म्हणाला, घरी जा. मी म्हटलं, तेच करतो.

आईला मी हसताना दिसलो हे बरं झालं. ते खोटं तुम्ही परत घेऊ नका.

मला त्या दिवसापासून वाटत आलं की तुम्ही माझी वाट बघणं सोडलं. तुम्ही दोन वर्षं दर रविवारी वाट बघत होता आणि मी तुमच्यावर त्याच गोष्टीसाठी चिडत होतो. यापुढे मला जे काही सांगायचं असेल ते बटाटे वाढायच्या आधी सांगत जा, मीही सांगेन.

फिर्मिन मास्तरांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यांना कोपऱ्यावरचं सगळं सांगून लिहिलं की ठराव योग्य आहे, ज्याने कमावला त्याचाच तो पोशाख. ही जर्सी मी कमावली आहे. बाटलीगणिक कमावली आहे. तेव्हा ती कोणी घालायची हे मी ठरवणार, आणि मी ओडिल यांना निवडलं आहे. दंतवैद्यांचं मंडळाने बघून घ्यावं. मास्तरांचं उलटटपाली उत्तर आलं, एकाच ओळीचं: मान्य, आणि त्या दिवशी कोपऱ्यावर ‘सोडली शर्यत’ म्हणणारा मी होतो, क्षमा कर.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतो. माझी सायकल कोठारात असेल, तिच्या चाकांत हवा भरून ठेवा. टेबलावर पडलेली निळी जर्सी आत्याला माझ्या मापाची करून द्यायला सांगा, पण डुक्कर कापू नकोस म्हणावं. रविवारी मंडळाबरोबर निघू. मी अडीच वर्षं बसलेलो नाही, पहिल्या चढालाच मागे पडेन, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर मागे राहा.

आणि पाण्याच्या बाटल्या तुम्ही घ्या. खिसे तुमच्याकडे आहेत.

आपला,
वान्नेस