सातव्या थांब्यावरचा आवाज

३ मार्च, सोमवार
पुन्हा पाटीवरचा बाण उलटा! गोदीच्या फाटकातून आलेला पाहुणा माझ्या बाणाच्या मागे लागला तर थेट शौचालयात पोचतो. कंत्राटदार म्हणे, "मॅडम, कधी ना कधी जाणारच की!" जाईल, पण सुरुवातच तिथून नको ना.

जहाजं दुरुस्त करायची जुनी गोदी, वीस वर्षं बंद. आता तिथे झाडं, बाकं, कॉफी. पाहुण्याने कुठून चालायचं, कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा ते मी ठरवणार. एकूण नऊ थांबे. आई अजून सगळ्यांना सांगते, मी बोर्ड रंगवते.

५ मार्च
आवाज मिळाला! नऊही थांब्यांवर पाहुण्याच्या कानात एकच माणूस बोलणार — तोफकाका. आवाज असा की इअरफोन नसला तरी चालेल. फाटकाशीच भेटले. "चाळीस वर्षं काढली इथे, पोरी. विचार काय ते." विचारलं, तर चार तास थांबेचनात. कुठला फोरमन बायकोला टरकायचा, कुणाच्या डब्यावर कोण डल्ला मारायचा!

सातव्या थांब्यावर, मोठ्या क्रेनखाली, आवाज एकदम उतरला. साखळी तुटली, खाली वेल्डर होता. "माझ्या मांडीवर गेला गं तो." मी रडले. आमच्या ऑफिसच्या साहेबबाईंना ऐकवलं, त्याही रडल्या — त्या स्वतःच्या लग्नातसुद्धा रडल्या नसतील.

११ मार्च
जुन्या हजेरीपटांत तोफकाकांचं नावच नाही. सगळे पट चाळले. नाकात धूळ तेवढी गेली.

१२ मार्च
विचारलं. आधी उसळले, "उंदरांनी खाल्लं असेल!" मग बाकावर बसले.

न्हावी! फाटकाबाहेर सलून होतं. चाळीस वर्षं अख्खी गोदी त्यांच्या खुर्चीत बसून बोलली. आत पहिलं पाऊल टाकलं ते माझ्याबरोबर! "मग मांडीवर गेला तो?" "मांडी फोरमनची होती," म्हणाले. असा राग आला!

शुक्रवारी जुन्या कामगारांना घेऊन चाचणीची फेरी आहे. साहेबबाईंना सांगितलं तर काका जातात, नऊ थांबे मुके होतात. नाही सांगितलं तर सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार, तेही न्हाव्याच्या हातून. नाही सांगितलं. भित्री आहे मी.

१४ मार्च, शुक्रवार
अकरा म्हातारे आणि एक बाई. बाई त्या वेल्डरची बायको! हे मला फाटकात कळलं.

पहिल्याच थांब्यावर म्हातारे खो खो हसायला लागले. "अरे, ही तर आपली तोफ! हिला आत कुणी घेतलं?" साहेबबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की बास. पण म्हातारे खूश. "बरोबर सांगतोय रे!" एकाने तर डब्याची चोरी कबूलही केली.

सातव्या थांब्यावर सगळ्यांनी इअरफोन काढले. बाईंनी नाही काढले. पूर्ण ऐकलं, मग मागे बाकावर बसलेल्या काकांकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही नव्हता तिथे."

काका उठायला लागले, तर बाईंनी हातानेच बसवलं.

"मीही नव्हते. ते कसे गेले ते मला आजवर कुणी धड सांगितलं नाही. मी दिसले की हे सगळे रस्ता बदलतात. तुम्ही निदान बोललात." मग म्हणाल्या, "पण दुसऱ्याचं नका सांगू. त्या दिवशी सकाळी ते तुमच्याकडे आले होते ना? ते सांगा."

काका उठून चालायलाच लागले. साहेबबाई मला एवढंच म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सातवा थांबा खरा पाहिजे. नाहीतर हा आवाज नऊही थांब्यांवरून काढायचा."

शनिवार, रविवार काकांनी फोन उचलला नाही.

१७ मार्च, सोमवार
स्वतःहून आले. एकदाच बोलले, पुन्हा घेऊ म्हटलं तर नको म्हणाले. सातव्या थांब्यावर आता एवढंच आहे —

"मी न्हावी, फाटकाबाहेरचा. त्याच्या एका गालाची दाढी झाली आणि कामाचा भोंगा वाजला. म्हटलं, थांब, दोन मिनिटं. तर म्हणाला, पुसून टाक, दुसरा गाल संध्याकाळी. दुसरा गाल मी संध्याकाळी केला."