टेडचा गुडघा

कल्व्हर सिटी
१४ मार्च १९४९

प्रिय विनी,

ज्यांची पेन्सिल झिजते आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं झळकतं, त्या आपल्या जमातीच्या वतीने तुला नमस्कार. पत्रसुद्धा सभेसारखं सुरू केलं, म्हणून हसशील. हस. पाच महिन्यांत तू माझ्यावर हसलेली नाहीस.

फ्रेस्नोची हवा मानवते का? तिथे चर्चच्या मुलांना पियानो शिकवतेस, असं कळलं. एस्थर रविवारी सूप करते तेव्हा तुझी वाटी अजून काढते. ‘विनी पत्र का पाठवत नाही?’ विचारते. मी म्हणतो, कामात असेल.

स्टुडिओच्या संगीत विभागात सगळं तसंच आहे. प्रूटसाहेब खिडकीशी उभे राहून आठ ओळी शीळ घालतात, ‘बाकीचं बघा रे पोरांनो’ म्हणतात आणि जेवायला जातात. तुलाही ते ‘पोरांनो’तच धरायचे. त्या शिळेतून साठ वाद्यांचा संसार आपण मांडायचा, आणि पडद्यावर नावाची पाटी त्यांची! यावर मी युनियनच्या सभागृहात किती गरजलो आहे! टाळ्या सगळ्यात जोरात तूच वाजवायचीस.

शुक्रवारी आमचं नवं चित्र लागलं. पाटीवर माझं नाव आलं. इझिडोर ब्लाउस्टाइन. चार सेकंद. एस्थरने माझा हात घट्ट धरला आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

ते नाव कुठून आलं, हे तू केव्हाच ओळखलं असशील.

ऑक्टोबरमधल्या युनियनच्या त्या सुनावणीत तू म्हणालीस, नऊ मिनिटांच्या नाचाचं अख्खं संगीत माझं आहे. अध्यक्षांनी प्रूटला विचारलं, ‘मधेच सगळा वाद्यवृंद एक ठोका गप्प का होतो?’ प्रूट छताकडे बघत राहिला. त्याला काय माहीत? तालमीच्या हॉलमध्ये तीन आठवडे जमिनीवर बसून टेड लॅफर्टीची पावलं मोजली होतीस तू. उडी मारून खाली आला की त्याचा दुखरा गुडघा सावरायला एक ठोका लागायचा. तो तू त्याला दिलास, आणि बघणाऱ्यांना वाटलं, श्वास रोखला गेला.

मग मी उठलो. म्हणालो, ‘ती जागा मी सुचवली. नाट्य वाढावं म्हणून.’

तू हळूच म्हणालीस, ‘इझी, टेडचा गुडघा.’

मी म्हणालो, ‘कुठला गुडघा?’

तू हातमोजे घातलेस आणि निघून गेलीस. टेड तर आलाच नव्हता. त्याचा करार स्टुडिओशी, गुडघा दुखतो म्हणायची त्याला चोरी. आदल्या दिवशी प्रूटने मला पुढच्या चित्रात नाव देण्याचा शब्द दिला होता. बावीस वर्षं वाट पाहिली होती, विनी. हे कारण सांगतोय, सबब नाही.

अजून एक राहिलं. तेच लिहायला बसलो होतो आणि सूप, हवा करत बसलो. नकलनवीस शाईने उतरवून घेतात आणि आपली पेन्सिलीची पानं टोपलीत टाकतात, तशी त्या नाचाची तुझीही टाकली होती. ती मी उचलली होती. तुझं काम जपावं म्हणून, शपथेवर सांगतो. एकेचाळिसाव्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय: ‘इथे थांबा. टेडचा गुडघा.’ मी खोटं बोललो तेव्हा ते पान माझ्या टेबलाच्या खणात होतं.

सगळी पानं या पाकिटात आहेत. माझा कबुलीजबाबही, सहीनिशी. हे बाहेर आलं की प्रूट माझ्या नावाची पाटी उतरवेल. उतरवू दे.

माफी मागत नाही, कारण ती द्यायचं ओझंही तुझ्यावरच पडेल. एकच कर. येत्या २४ तारखेला, गुरुवारी सकाळी दहा वाजता, युनियनच्या सभागृहात ये आणि ते एकेचाळिसावं पान अध्यक्षांच्या टेबलावर ठेव. मी दाराशी उभा असेन. माझ्याशी बोलू नकोस, पण ये.

सभागृहात गरजणारा आणि ऐन वेळी गुडघा विसरलेला,
इझी