व्यक्तिमत्त्व विकास आणि चार रिकामे डबे

२ नोव्हेंबर, सकाळी ५.२०

चहापत्तीच्या डब्याचं झाकण उघडत नाही. गेला महिनाभर उघडत नाही. माझी बायको मंजिरी ते असं काही घट्ट लावून भावाकडे सांवेरला गेली आहे की त्रेपन्न वर्षांच्या, सहकारी बँकेत सीनियर असिस्टंट असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात चहा मिळू नये. न्याय कुणाकडे मागायचा? सध्या कोपऱ्यावर पितो. तिथे चहासोबत पोहे-जलेबी समोर येतात. वजनाला मी जबाबदार नाही.

आजपासून कोर्स. ‘नवा मी, एकवीस दिवसांत’. कोच मनीषजी, वय अठ्ठावीस, केस भरपूर. व्यक्तिमत्त्व विकासाचा अर्थ त्यांनी काल ओळखीच्या तासाला बोर्डावर लिहिला : कालच्यापेक्षा आज बरा माणूस होणं. फायदे : आत्मविश्वास, वेळेचं नियोजन, गोड नातेसंबंध. पहिले दोन माझ्याकडे आहेतच. फी तिसऱ्यासाठी भरली.

रोजनिशी कम्पल्सरी. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायचं.

खरं असं : मंजिरी दोन-चार दिवसांसाठी गेली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. शिवणाचं मशीन नेलं, कारण तिला रिकामं बसवत नाही. स्वयंपाकघरातलं कॅलेंडरही नेलं. ही उलट चांगली खूण. जिला परत यायचं नाही ती तारखा कशाला बघेल? दिवाळीला आली नाही. बसला गर्दी असते.

२३ ला समारोप. ज्याच्यासाठी आपण बदललो त्या माणसाला सोबत आणायचं. स्टेजवर दोन खुर्च्या. तो माणूस आपल्याबद्दल दोन शब्द बोलणार. मंजिरी लाजेल. मी सांभाळून घेईन.

४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

पाचला उठलो होतो. मग पुन्हा उठलो. काल रात्री सराफ्यातल्या गाडीवर गराडू खाल्ले, तळलेल्या कंदाचे. थंडीत गराडू न खाणं हा इंदूरचा अपमान आहे, आणि अपमान करून कुणाचा विकास होत नाही.

शेजारच्या प्रेमलताजींनी कढी पाठवली. हा तिसरा डबा. पंचाईत अशी की आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. मंजिरी चिवडा घालायची, नाहीतर दोन लाडू. घरात काहीच नसलं तर मूठभर साखर. साखर मला कमीपणाची वाटते. रविवारी स्वतः शंकरपाळे करणार, आणि तिन्ही डबे एकदम.

प्रेमलताजींनी विचारलं, भाभी कधी येणार. परसों, म्हणालो.

७ नोव्हेंबर, रात्री

आजचा अभ्यास : पाच जणांचे मनापासून आभार मानणे. दूधवाला, वॉचमन, बँकेचा शिपाई. चौथी आमची ज्युनियर ऋजुता. तिने घाबरून विचारलं, सर, माझी बदली झाली का? पाचवी मंजिरी. तिला लिहिलं, ‘तू जशी आहेस त्याबद्दल आभार. डे सिक्स.’

तासाभराने उत्तर : ‘गॅस बुक करा.’

म्हणजे काळजी आहे. दोनदा वाचलं.

९ नोव्हेंबर, दुपारी ३

शंकरपाळे झाले. चांगले झाले असतेही, पण मैदा आपल्या मताचा निघाला. कचरागाडीवाल्याने विचारलं, गीला या सूखा? मलाही सांगता येईना. बराच वेळ दोघं बादलीत बघत उभे राहिलो.

प्रेमलताजींचा निरोप : भाईसाब, डिब्बे खाली हो गए हों तो भेज देना. उद्या देणार. परवा नक्की.

१० नोव्हेंबर, रात्री ९

अत्यंत यशस्वी दिवस. अभ्यास : जवळच्या माणसाचं दहा मिनिटं ऐकायचं, मधे बोलायचं नाही. टायमर लावून मंजिरीला फोन केला. आधी थोडी पार्श्वभूमी देणं भाग होतं : ऐकण्याचं महत्त्व, लोक कसे ऐकत नाहीत, बँकेतली दोन उदाहरणं. टायमर वाजला तेव्हा मी दुसऱ्या उदाहरणात होतो.

तिने विचारलं, झालं का. झालं, म्हणालो, छान वाटलं. तिने फोन ठेवला. कोर्सच्या तक्त्यात टिक केली.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी

अभ्यास : जवळच्या माणसाला आपले तीन दोष विचारणे. अनुश्रीला पुण्याला फोन लावला. मुलगी हुशार आहे, मोजून तीनच सांगेल. तिने विचारलं, बाबा, आईला विचारलंत का? मी म्हणालो, तिला कशाला विचारायचं, सत्तावीस वर्षांत तिने एकदाही तक्रार केलेली नाही.

अनुश्री म्हणाली, ती करत होती तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात.

पुण्यात राहून मुलं फार थेट बोलतात. दोषांच्या रकान्यात लिहिलं : १) अतिपरिश्रम २) स्पष्टवक्तेपणा ३) पुढे पाहू.

प्रेमलताजींकडून चौथा डबा. दाल-बाफले, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्या. बाफले उत्तम. डबे ओट्यावर रांगेत मांडून ठेवले. घर भरल्यासारखं दिसतं.

१८ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

आज खरंच सहाला उठलो. नोंद घ्यावी.

निर्णय : उद्या रजा टाकून सांवेरला जाणार. फोनवर माणूस मोकळं होत नाही. समोर बसून ऐकायचं, समारोपाचं आमंत्रण द्यायचं, जमलं तर त्याच बसने घेऊनच यायचं. तिचं कपाट आवरलं. आवरायला फार नव्हतं. हँगर होते.

प्रेमलताजी जिन्यात भेटल्या. परसों, म्हणालो. आज हिशेबाने जवळपास बरोबर होतं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

जाऊन आलो.

प्रतापरावांच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, पुढच्या खोलीत तीन मशीनं आणि सात मुली. मंजिरी ओठांत टाचण्या धरून हसत होती. एका मुलीने बाही उलटी जोडली होती, त्यावर. दारातच थांबलो. हे हसणं मला माहीत होतं, पण कुठल्या वर्षीचं ते आठवेना.

भिंतीवर आमचं कॅलेंडर. चौकोनाचौकोनात नावं, मापं, ब्लाउज कधी द्यायचे ते. २३ च्या चौकोनात लिहिलेलं, ‘मुलींची परीक्षा’.

तिने पाणी दिलं. मुलींना आत पाठवलं. मी टायमर काढून, लावून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, बोल, मी ऐकायला आलोय.

तिने टायमरकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीतल्या वहीकडे.

“ऐकायला आलात, की ऐकलं असं लिहायला?”

मी म्हणालो, दोन्ही. खरं बोलायचं ठरलं होतं.

“मी परत येत नाहीये. हे मी तुम्हाला गणपतीतच सांगितलं होतं, आरती झाल्यावर. तुम्ही म्हणालात, बरं, अर्धा कप चहा टाक.”

रागावून नाही म्हणाली. मापं सांगतात तसं म्हणाली. मग विचारलं, गॅस बुक केलात का. नाही, म्हणालो.

टायमर चालूच होता. बसमध्ये, पिशवीत वाजला.

२० नोव्हेंबर

गणपतीतलं आठवून पाहिलं. आरती आठवते. प्रसादाचे मोदक आठवतात. ती बोलली ते आठवत नाही. चहा चांगला झाला होता.

२१ नोव्हेंबर

गॅस बुक केला.

२३ नोव्हेंबर, सकाळी ११

समारोपाला गेलो नाही. मनीषजींचा मेसेज आला, अंकल, आपकी दो कुर्सी रखी हैं. लिहिलं, एक हटा दो, दूसरी भी.

आज खणात पकड शोधत होतो. पकड नाही, एक चमचा मिळाला, दांड्याच्या टोकाला वाकलेला. हा चमचा मी कितीदा बाजूला ठेवून सरळ चमचा घेतलाय. आज त्याचं टोक चहाच्या डब्याच्या झाकणाखाली घालून दाबलं. टक् झालं, उघडलं. एवढंच होतं. झाकण घट्ट का लावायची तेही कळलं. मी कधीच नीट लावत नसे, आणि पत्तीला दमट वास यायचा.

चहा केला. एक कपच. जास्त झाला.

मग चारही डबे घासले, पुसले, प्रत्येकात मूठभर साखर घातली. शेवटच्याला साखर कमी पडली, तेव्हा पहिल्यातली थोडी काढली. प्रेमलताजींचं दार वाजवलं. त्यांनी डबे घेतले, झाकणं उघडून पाहिली नाहीत, वजनावरूनच समजल्या. नेहमीप्रमाणे विचारलं, “भाभी कब आ रही हैं?”

“नहीं आ रही हैं.”

बैठो भाईसाब, त्या म्हणाल्या, आणि बाफल्यांच्या पिठाचं, सुनेचं, गेल्या थंडीपासून दुखणाऱ्या गुडघ्याचं सांगत राहिल्या. मी बसलो होतो. मधे बोललो नाही. किती वेळ ते माहीत नाही, टायमर नेला नव्हता.