ह्यांनी फोन सोडला

४ मार्च, मंगळवार

गॅसचा ओटीपी, बँकेचा ओटीपी, मंचाच्या पाच निरोपांना उत्तरं, औंधच्या व्याख्यानाची तारीख पक्की — आणि साडेदहा वाजले तरी माझी अंघोळ नाही!

हे खुर्चीत, अंगणातल्या सावलीत. "किती शांत वाटतं गं फोनशिवाय!"

वाटणारच.

दिवाळीत ह्यांनी फोन सोडला. जाहीरपणे सोडला, मंचाच्या — म्हणजे ह्यांनीच काढलेल्या, साध्या राहणीचा प्रचार करणाऱ्या संघटनेच्या — सभेत, टाळ्यांच्या कडकडाटात. आपलं मन कंपन्यांच्या ताब्यात द्यायचं नाही, वगैरे. विचार चुकीचा नाही, हेच तर दुखणं! चुकीचा असता तर भांडता आलं असतं. पण त्याच सभेत ह्यांनी सगळ्यांना माझा नंबर दिला. "काही असेल तर विनोदिनीला कळवा." आणि पृथ्वीराजने — मंचाचा तरुण वकील, तसा गुणी आहे — माझ्या व्हॉट्सॲपवर ह्यांचं नाव आणि ह्यांचा फोटो लावून दिला. आता माझी सख्खी बहीण मला निरोप पाठवते तर तिला समोर ह्यांची दाढी दिसते.

ह्यांनी फोन सोडला, आणि ह्यांचा फोन मी झाले.

६ मार्च

वॉशिंग मशीन देऊन टाकलं त्याला आज महिना. रिठ्याच्या पाण्यात चादरी. गुडघे बोलतात.

'शाश्वत घर' बघायला कराडहून चार पाहुणे. हे दाखवत होते — हा सौर कुकर, हे खताचं पिंप. पिंप ढवळतं कोण, हे एकानेही विचारलं नाही. कुकरमधलं वरण मात्र छान लागतं. खोटं का लिहू?

७ मार्च

दुपारी फोन. साळूबाई म्हणून कुणी. राहते आष्ट्याला, रोज एसटीने सांगलीला जाते — हळदीच्या एका गोदामात हळद निवडायला. तशा चाळीसजणी आहेत.

"चिंतामण सर हायेत का?"

झोपलेत म्हटलं. खरंच झोपले होते.

"मग तुमीच ऐका, बाई. मालकानं नवं ॲप आणलंय. मुकादम सकाळ-सांज फोन तोंडाम्होरं धरतो. मशिनीनं वळकलं तर हजेरी, न्हाईतर खाडा. आवं, दिसभर हळद उडती. तोंड पिवळं, डोळं पिवळं. सांजच्याला कुनाला वळकणार ते? गेल्या म्हयन्यात माजं सात खाडं! आन् एक दीस घरी न्हाई मी."

हे उठल्यावर सांगितलं. ताठ बसले. "बघ! मी म्हणत होतो ना? ही नवी वसाहतशाही!" लगेच लेखाला सुरुवात.

"पण त्या बायकांना काय सांगू?"

"बैठकीत विषय ठेवू."

बैठक एकवीस तारखेला!!

९ मार्च

लेखाचं चौथं पान. साळूबाईचं नावही नाही त्यात. 'श्रमिक स्त्री' आहे.

शेवटी मीच टाइप केलं. पस्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसले, चार ओळींत काम सांगायची सवय आहे. 'साळूबाई, एक शंभर पानी वही घ्या. पोचल्यावर प्रत्येकीचं नाव, वेळ, सही नाहीतर अंगठा. सुटताना पुन्हा. मालाच्या वजनाच्या चिठ्ठ्या मिळतात त्या त्याच पानाला टाचा. वही पाळीपाळीने घरी न्या. जेवण झालं का?'

तासाभरात उत्तर. साळूबाईला आकड्यांपलीकडे वाचता येत नाही, तिची मुलगी राजनंदिनी लिहिते. 'सरांचे फार उपकार.'

सरांचे!

दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं.

१३ मार्च

वहीचा फोटो आला. मंचाच्या ग्रुपवर पुढे पाठवला. एकतीस नावं. अंगठे शाईचे, पण भोवतीने पिवळे.

१६ मार्च

इथे तरी खरं लिहावं. हे काही साळूबाईपासून सुरू झालं नाही. जानेवारीत एकदा ह्यांनी एका निरोपाचं उत्तर वीस मिनिटं तोंडी सांगितलं. मी दोन ओळी केल्या. कुणाचं काही अडलं नाही. पुढच्या वेळी ह्यांना न विचारताच उत्तर दिलं. तेव्हाही कुणाचं अडलं नाही. आता दिवसाला दहा जातात. ह्यांच्या नावाने, माझ्या डोक्याने.

भीती वाटते का? थोडी. मजा? पुष्कळ.

२१ मार्च, शुक्रवार

बैठक आमच्याकडेच. अकरा माणसं, दोनदा चहा.

पृथ्वीराज म्हणाला, "सर, हल्ली तुमचे निरोप काय नेमके असतात! आणि सांगलीच्या त्या वहीची कल्पना — मानलं तुम्हाला!"

मी दारात, हातात ट्रे. ह्यांना वहीतलं ओ की ठो माहीत नाही. हे क्षणभर थांबले. मला वाटलं, आता विचारतील, कुठली वही?

हसले! मान हलवली! "अरे, साधीच गोष्ट असते रे."

ट्रे आपटला नाही. आपटायला हवा होता.

सगळे गेल्यावर विचारलं, "वही कुठली ते ठाऊक आहे?"

"दमलोय गं. नंतर सांग."

नंतर सांग.

२४ मार्च

साळूबाईचा फोन, आवाज खाली. बायकांनी दिलेल्या तक्रारीवर गुरुवारी कामगार अधिकारी दोन्ही बाजू ऐकणार आहेत. आणि मुकादमाचा निरोप — जी वही घेऊन जाईल तिने उद्यापासून यायचं नाही. "सरांनी यायलाच पायजे, बाई. सायबाम्होरं आमची जीभ उचलत न्हाई."

गुरुवारी ह्यांचं औंधचं व्याख्यान. विषय — 'साधी राहणी, स्वतंत्र बुद्धी'.

"त्यांना म्हणावं, पुढची तारीख घ्या." चष्मा पुसत.

"तारीख त्या कशा घेणार? तुम्ही औंधची बदला."

"पत्रिका छापल्यात गं."

चाळीस बायकांच्या पोटाशी गाठ आहे, आणि ह्यांच्या पत्रिका छापल्यात!

२६ मार्च

बहिणीकडे, राजेश्वरीकडे जाते म्हणून सांगितलं. सांगलीला.

"बरं. पण उद्या सिलिंडर येईल त्याचा ओटीपी?"

२७ मार्च, गुरुवार. सांगली, राजेश्वरीकडे

साताऱ्याहून पहाटेची एसटी. आष्ट्याला गाडी भरली. खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक उंच बाई मधल्या जागेत उभी राहिली. मी नुसतं म्हटलं, "अहो, पिशवी जरा मागे घ्या."

ती गर्रकन वळली. "बाई? तुमीच का? आवाज वळकला!"

साळूबाई. पन्नाशीची असेल. कपाळाच्या रेघांमध्ये हळद, घासूनही न निघालेली. मी सरकले, ती शेजारी टेकली. पिशवीत वही.

"सर कुटं हायेत?"

"नाही येणार."

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मला कवाच म्हाईत हाय."

"काय?"

"आवं, सरांचं भाशान ऐकलंय मी. दोन तास. आन् मेसेज चार वळीचा! वर इचारायचं, जेवण झालं का. बाप्या मानूस इचारतो व्हय असलं?"

हसू आलं. मग रडूच आलं. भरल्या एसटीत!

अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. मालकाच्या माणसाने ॲपचे कागद मांडले — अठरा तारखेला नऊ बायका गैरहजर. "यंत्र खोटं बोलत नाही, साहेब." मग आमच्याकडे वळून, "वही काय, घरी बसून कुणीही लिहील."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "आपण कोण?"

"विनोदिनी. वही ठेवायला मी सांगितलं."

पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं हे. पुढचं वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. ते ऐनवेळी आठवेना! 

आणि साळूबाई उठली. पिशवीतून वही काढली, अठरा तारखेचं पान उघडलं. टाचलेल्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं. "सायेब, हे वजान मालकाच्याच काट्यावरचं हाय. शिक्का बी मालकाचाच. ह्या नऊजणी आल्या न्हाईत म्हंता, तर ही पोती निवडली कुनी? ॲपनं?"

अधिकाऱ्यांनी वही स्वतःकडे ओढली.

निकाल असा — ॲपच्या जोडीला गोदामाच्या दारात कागदी हजेरी ठेवायची, आणि सगळे खाडे चिठ्ठ्यांवरून पुन्हा तपासायचे.

बाहेर आलो. मुकादम जिन्यात उभा. साळूबाईला एवढंच म्हणाला, "उद्यापास्नं तू येऊ नगंस."

तिने वही पिशवीत घातली, पिशवी नीट धरली. मला म्हणाली, "चला, बाई. च्या घेऊ."

फोनवर अनोळखी नंबरवरून अकरा मिस्ड कॉल. हेच असणार — औंधहून, कुणाचा तरी फोन मागून. मी उलट केला नाही.

२८ मार्च. सातारा

सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं. ह्यांनी मधे एकदाही तोडलं नाही — हेच नवल!

मग म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, नंतर."

जेवले नाहीत. मी जेवले.

३१ मार्च

ह्यांनी मंचाला पत्र लिहिलं. पाकीट बंद करायच्या आधी माझ्यापुढे ठेवलं. 'गेल्या तीन महिन्यांतले निरोप माझे नव्हते, विनोदिनीचे होते. बैठकीत मी त्याचं श्रेय घेतलं. वही कुठली हे मला ठाऊकही नव्हतं. हे लबाडीचं वागणं झालं.'

 ह्या माणसाशी लग्न केलं ते काही उगीच नव्हतं.

पुढची ओळ — 'मंचाचं सचिवपद यापुढे तिनेच सांभाळावं, असं मी सुचवतो.'

मला न विचारता!!

२ एप्रिल

साळूबाईला आजही दारातून परत पाठवलं. बाकीच्या एकोणचाळीसजणी आत गेल्याच नाहीत. गोदामासमोर चिंचेखाली बसल्यात. राजनंदिनीने फोटो पाठवला. खाली फक्त — 'कवा येताय?'

६ एप्रिल, रविवार

सचिवपद नको म्हणून कळवलं. सांगलीत खोली घेतली, मार्केट यार्डाच्या मागे. सध्या सहा महिन्यांसाठी. उद्या निघते.

ह्यांना सांगितलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आणि मी?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तयार करून दिलं नाही.