एका चालीने गेलेलं ग्रंथालय

ती. साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा, कंबर वाकेल तेवढा वाकून नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे असं पत्राच्या आरंभी लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्यावर फार विसंबू नये. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी (म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी; तुम्ही स्वतः दातांचे, त्यामुळे गुडघ्यापर्यंत तुमचा हात पोचत नाही) हिंडू नका, बसून राहा, असं सांगितल्याचं कळलं. ऐकून वाईट वाटलं. पण बसून राहिलेला माणूस दिवसभर नेमकं काय करत असेल, याचा विचार करता करता ते वाईट वाटणं बरंच कमी झालं. ताईंना नमस्कार. ताईंची धाकटी बहीण, म्हणजे आमची मंडळी, गेल्या शनिवारपासून तुमच्याकडेच आहे. तिलाही नमस्कार, घेतला तर. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडे फोन कोण उचलेल याचा नेम नाही आणि उचलणाऱ्याच्या शेजारी कोण कान देऊन बसलं असेल याचा तर मुळीच नाही. पाकिटाची कड एकदा उघडून परत चिकटवल्यासारखी वाटली असेल तर तसं कळवावं.

आता मुद्दा. आपण संगणकावर तो राज्यांचा खेळ सुरू केला तेव्हा ठरलं होतं की रोज एकेक चाल खेळायची, लढाई करायची नाही, दोन साडूंना शोभतील अशी दोन राज्यं शेजारी शेजारी नांदवायची. तुम्ही पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत तुमची चाल खेळता, मी दुकानात गिऱ्हाईक नसताना माझी, नाहीतर रात्री घरी. त्या खेळात ती आश्चर्यं असतात, दीपगृह, झुलती बाग, ग्रंथालय वगैरे. प्रत्येक आश्चर्य अख्ख्या जगात एकच. ज्याचं आधी बांधून होईल त्याचं. दुसऱ्याचे दगड, मजूर, उन्हातान्हातली मेहनत, सगळं मातीत. आणि समोरचा काय बांधतोय ते आपल्याला दिसत नाही. दिसत नाही, साडूभाऊ. हे वाक्य कृपा करून परत एकदा वाचावं.

माझ्या दीपगृहाला एक चाल उरली होती, तर तुमचं दीपगृह झालं. मी म्हटलं योगायोग. मग बागेला एक चाल उरली, तर तुमची बाग झुलायला लागली. वर त्या खेळवाल्यांनी अशी सोय करून ठेवली आहे की हरलेल्याने जिंकणाऱ्याची इमारत वाजतगाजत, सगळ्या बाजूंनी फिरवून बघायलाच पाहिजे. मधे बंद करता येत नाही. (मी केलं. संगणकच बंद पडला आणि सुरू केल्यावर तुमची बाग पहिल्यापासून दाखवायला लागला.) लांबच लांब मागे राहून हरलो असतो तर मला काही वाटलं नसतं. पण हातातोंडाशी आलेला घास, तोही प्रत्यक्ष साडूने न्यावा, हे माझ्या जिवाला फार लागलं. त्या दिवशी एका बाईंच्या कपाटाची किल्ली घासायला घेतली होती, ती इतकी घासली गेली की तिची दातकोरणी झाली. (ठेवली आहे. तुमच्या दवाखान्यात चालत असेल तर पाठवतो.) शेजारचा घड्याळवाला म्हणाला, जे गेलं ते आपल्याला नकोच होतं, असं मनाशी म्हणत राहायचं. म्हणून पाहिलं. माझ्या राज्याला समुद्रच नावापुरता, दीपगृह काय वरातीत मिरवायचंय, असं बरंच काही म्हटलं. गुण आला नाही. द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या त्या कोल्ह्याचं बरं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा कोल्हा ती खात बसलेला नव्हता.

मग मी धंद्याच्या रीतीने विचार केला. माझं कुलपांचं दुकान. चोरी झाली की लोक कुलपाला नावं ठेवत येतात. मी कुलूप खोलून बघतो, तर आत साधा ओरखडा नसतो. ओरखडा नाही, म्हणजे किल्लीने उघडलं; किल्लीने उघडलं, म्हणजे घरचंच माणूस. (हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, नवं कुलूप देतो.) आता आमच्या घरात माणसं दोन. त्यातला मी नाही. मी चाल खेळत असलो की ही चहा घेऊन येते, माझ्या पाठीमागे उभी राहते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ताईंना फोन लावते. मी आत गेलो की आवाज खाली येतो. एकदा दाराआडून ऐकलं, तर दोघी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होत्या. पण ज्यांना काही लपवायचं असतं त्या पडद्यांबद्दलच बोलणार.

म्हणून मी सापळा लावला. हिला मुद्दाम सांगितलं की मी मोठा पुतळा बांधायला घेतलाय. प्रत्यक्षात गुपचूप ग्रंथालयाचा पाया घातला. आता तुम्ही पुतळा बांधला असतात तर घरभेदी कोण ते तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं. पण तुम्ही काय केलंत? ग्रंथालय बांधलंत. आणि तेही एका चालीने आधी. दुसरा एखादा म्हणाला असता, चला, बायको निर्दोष सुटली. मी असा फसत नाही. माझ्या लगेच ध्यानात आलं की हिला माझं खोटं ओळखता येतं आणि ती खरं तेवढं शोधून तिकडे पोचवते. जेवताना मी हे तिच्यापुढे शांतपणे मांडलं. (ती म्हणते ओरडून. घड्याळवाल्यालाही विचारलं, तो म्हणतो त्याच्या दुकानापर्यंत ऐकू आलं. त्यालाही तिने वश केलेलं दिसतंय.)

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुम्हांलाही हसू येईल. म्हणाली, "तुम्हीच तर दर रविवारी भाऊजींना फोन करून विचारता, ग्रंथालयाची घाई नाही ना म्हणून. मग त्यांना कळायला मी कशाला हवी?" आता, दोन साडूंनी रविवारी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारू नये की काय? दीपगृहाच्या वेळी दीपगृहाबद्दल विचारलं, बागेच्या वेळी बागेबद्दल, हे खरं. पण ते सहज. तसं मी तिला सांगितलं. तिने ताट उचललं, पिशवी भरली आणि तुमच्याकडे निघून आली. जाताना म्हणाली, तुमचं राज्य तुम्हीच सांभाळा.

तर, साडूभाऊ, माहिती तुम्हांला कुठून मिळते याचा स्पष्ट खुलासा करावा, एवढंच या पत्राचं प्रयोजन. बाकी माझं उत्तम चाललंय. चहा मीच करतो, मीच पितो, आणि करणारा व पिणारा दोघंही नाराज असतात. संध्याकाळी घरात आवाज म्हणून नाही. पडद्यांच्या कापडाबद्दल कोणी बोललं तरी चालेल, असं झालंय. कळावे, लोभ आहेच असं धरून चालतो.

आपला,
धाकटा साडू

ता. क. बरं, वेधशाळेची तुम्हांला तूर्त काही घाई नाही ना? सहज विचारलं.

ता. क. वरचं लिहून झाल्यावर मी ते एकदा वाचलं. मग तुम्ही वाचाल तसं परत एकदा वाचलं. खुलासा राहू द्या. वेधशाळाही तुम्हीच बांधा.

ता. क. पाकिटात जाड कागदात गुंडाळलेली एक किल्ली आहे, ती टाकून देऊ नका. त्याचं असं झालं की ही गेली त्याच संध्याकाळी मी रागाच्या भरात आमच्या दाराचं कुलूप बदललं. म्हटलं, हिच्या किल्लीची नक्कल तिकडे केलेली असली तर? आता ती कधीही परत येईल, मी दुकानात असेन, दारात उभी राहून जुनी किल्ली लावेल आणि ती फिरणार नाही. मग ती पुन्हा येणार नाही, साडूभाऊ. म्हणून तुमच्या पाया पडतो, ही नवी किल्ली ती निघायच्या आत तिच्या हातात पडली पाहिजे. तिला म्हणावं, जुनं कुलूप बिघडलं होतं.

ता. क. तसं नका म्हणू. मी बसवलेलं कुलूप बिघडत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. काहीच म्हणू नका, नुसती किल्ली द्या.