यतिभंग

अमरावती,
रविवार, दुपार

प्रिय फलक,

काल तुझे अब्बा येऊन गेले. इथल्या एका लग्नाच्या गाद्या पोचवायच्या होत्या, तिथून ऑटो करून आकांक्षाच्या घरी आले. मी लेकीकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या पाठीचं ऐकून त्यांनी माझी गादी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, सर, यात कापूस कुठाय, नुसते गोळे आहेत, पुढच्या रविवारी नवी आणतो. चहा तसाच निवला. जाता जाता सांगितलं, की तू तिन्ही रॅकेटींच्या तारा दुकानातल्या कात्रीनं कापल्यास आणि रिकाम्या चौकटी भिंतीवर आजोबांच्या कापूस पिंजायच्या धनुकलीशेजारी टांगल्यास. "पोरगी म्हनते, अब्बा, माह्यातच दम नव्हता." एवढं बोलून ते चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या.

ते वाक्य कालपासून माझ्याजवळ बसून आहे. आकांक्षा म्हणते, बाबा, जेवा. जेवतो. पुन्हा तेच वाक्य.

तुला आठवतं का गं, तू पहिल्यांदा आलीस ती मराठी कच्चं म्हणून. तुझ्या अम्मीनं, आयशाबींनी, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या ओसरीवर तुला आणून बसवलं. अकरा वर्षांची असशील. 'कमळ' म्हणायला सांगितलं की 'कमल' म्हणायचीस. पण कविता म्हणायला लागलीस की तुझा हात आपोआप पाटीवर ठेका धरायचा, लगागा, लगागा. चाळीस वर्षं वर्गात घसा कोरडा करून जे मुलांच्या कानात शिरलं नाही, ते तुझ्या बोटांत आधीपासून होतं. आणि ते कुठून आलं तेही मला ठाऊक होतं. तुझे आजोबा कापूस पिंजायचे तेव्हा त्या धनुकलीच्या तातीचा आवाज अख्ख्या गल्लीला ताल द्यायचा. त्याच कानानं अब्बा तुझ्या रॅकेटीची तार नखानं छेडून सांगायचे, "उतरली." अमरावतीचे धर्मपाल सर, तुझे कोच, आधी हसले होते. मग त्यांनी तारेचा ताण यंत्रावर मोजून पाहिला आणि पुढं कधी हसले नाहीत.

अब्बा इथल्या टेनिस क्लबच्या खुर्च्यांच्या गाद्या द्यायला आले आणि तू तिथं चेंडू उचललास, इथून सगळी गोष्ट सुरू झाली. त्यांना दुकान सोडता येईना, म्हणून तुझ्याबरोबर मी. सकाळची गाडी, बडनेरा, तिथून ऑटो, आणि डब्यात आयशाबींच्या पोळ्या. गाडीत मी तुला वृत्तं शिकवायचो आणि तू मला सर्व्हिस. तूच एकदा म्हणालीस, सर, चेंडू वर गेला की पार वर एक क्षण थांबते, तेच तुमचं यती हाय नं? ओळीत जिथं श्वास घ्यायला थांबावंच लागतं ती जागा. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर. तिथं न थांबता पुढं रेटलं की ओळ मोडते, आणि यतिभंगाला मी किती निर्दयपणे गुण कापायचो ते तुझ्याएवढं कोणाला माहीत. त्या दिवशी मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. माझे डोळे भरलेले तुला दिसू नयेत म्हणून.

मग तू व्यावसायिक झालीस. हा शब्द मला तेव्हा फार कोरडा वाटला होता. जागतिक यादीत नाव आलं त्या दिवशी आकांक्षाच्या मोबाइलवर मी अंगठा दुखेपर्यंत पानं सरकवली. तू अगदी खाली होतीस, पण होतीस. अकोल्याची फलक. कॅलेंडरवर तो आकडा लिहून ठेवला.

आणि पुणे. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, तिसरा सेट, तू चार-दोननं पुढं. तू चेंडू वर टाकलास आणि मारलाच नाहीस, झेललास. पुन्हा टाकलास, पुन्हा झेललास. लोकांना वाटलं, पोरगी घाबरली. पुढं नागपूरची शस्त्रक्रिया, आठ महिने, आणि त्यानंतर दीड वर्षात एकामागोमाग एक पहिल्याच फेरीतले पराभव. तुझी सर्व्हिस आली की समोरच्या मुली दोन पावलं पुढं येऊन उभ्या राहायला लागल्या. ती दोन पावलं मला अजून दिसतात. आता खांदा पूर्वीसारखा होणार नाही, हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंच आहे. खोटा धीर द्यायला मी हे लिहीत नाही.

फलक, सोबत एक कागद आहे. आधी त्याची तारीख बघ. पुण्याच्या तीन आठवडे आधीची आहे. तुझ्या खांद्याचा फोटो काढला होता, तो आणायला मी एकटाच गेलो होतो, तू कोर्टवर होतीस. इथल्या डॉक्टरांना वाटलं मी तुझा आजोबा. म्हणाले, "सहा महिने रॅकेट हाती द्याची नाही. आता थांबली तं खेळन, नाही थांबली तं खांदा जाईन." मी कोर्टवर आलो. तू जाळीपाशी धावत आलीस, घामेजलेली, आणि विचारलंस, "काय म्हने सर?" मी म्हणालो, "सूज आहे. शेक घे." एवढंच. मला पुण्याच्या फलकावर तुझं नाव बघायचं होतं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला सहा महिने फार वाटतात गं, मी तोवर असेन की नाही असं वाटलं. नागपूरच्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले तेव्हा ते हरवले म्हणालो. ते माझ्या कवितेच्या पुस्तकात होते. पुण्यात तू चेंडू झेललास तेव्हा का झेललास, हे त्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं. दम तुझ्यात होता. थांबायची जागा मी पुसून टाकली. ते तुझं वाक्य चूक आहे, फलक, तुझा मास्तर म्हणून मी ते खोडतो आहे. क्षमा मागत नाही, ती मागायलाही तोंड लागतं. अब्बांना सांगायचं की नाही ते तू ठरव. येत्या रविवारी ते गादी घेऊन येतील. घंटा वाजली की दार मीच उघडीन.

हा शब्द अजून लिहू दिलास तर, तुझाच,
खुशालराव सर